वाचक विचारतात : जूनमधला सॅमन आणि बडोद्यातली तयारी

या वेळच्या टपालात एकाच विषयावरची पत्रे जास्त आली. मुलगा किंवा मुलगी नॉर्वेत, आइसलँडमध्ये, स्कॉटलंडमध्ये आहे, उन्हाळ्यात तिकडे जायचेच आहे, तर गाईड घेऊन सॅमन माशाच्या नदीवर गळ टाकत चार-पाच दिवस काढावेत, असा बहुतेकांचा बेत आहे. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत.

मुलगा ऑस्लोत नोकरीला आहे. नातवाची शाळा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात उघडते, म्हणून १ ते ८ जून असा बेत आहे. उत्तर नॉर्वेतली नदी घ्यायची आहे. विमानाची तिकिटे आता स्वस्त आहेत, काढून टाकू का?
– दांडिया बाजार, बडोदे

इतक्यात काढू नका. आधी नदी ठरवा, मग त्या नदीचा आठवडा, आणि तिकीट सगळ्यांत शेवटी. तुम्ही उलट्या टोकाने सुरुवात केली आहे, आणि जूनच्या बेतात सगळ्यात महाग पडणारी चूक हीच असते.

सॅमन नदीत जन्मतो. थंड नद्यांत दोन ते पाच वर्षे काढून समुद्रात उतरतो आणि तिथे एक, दोन किंवा तीन हिवाळे काढून अंडी घालायला पुन्हा त्याच नदीत चढतो. सगळे मासे एकदम चढत नाहीत. हंगामाच्या सुरुवातीला येतात ते बहुतेक दोन-तीन हिवाळे समुद्रात काढलेले, म्हणजे पाच किलोपासून दहा-बारा किलोपर्यंतचे. एकच हिवाळा काढलेले दीड ते तीन किलोचे मासे जुलैपासून झुंडीने येतात. त्यामुळे जूनची सहल ही थोड्या पण मोठ्या माशांची सहल असते. आठवड्यात एक मासा लागला तर आठवडा चांगला गेला, या हिशेबाने जावे. नातवाला रोज काहीतरी गळाला लागलेले पाहायचे असेल, तर जुलैचा शेवट बरा.

आता पाणी. जूनमध्ये नॉर्वेच्या नद्यांत डोंगरावरचे बर्फ वितळून येते. पाणी फुगलेले आणि थंड असते. अगदी उत्तरेच्या फिनमार्क भागात १ जूनला नदीत मासे कमी आणि पाणी जास्त, अशी स्थिती असते. तिथला भर जूनच्या शेवटच्या आठवड्यापासून धरावा. तुमच्या तारखा बदलणार नसतील तर नदी बदला. आइसलँडच्या पश्चिमेकडची नॉर्दुराऊ, उत्तरेकडची ब्लांडा अशा लवकर उघडणाऱ्या नद्यांवर जूनच्या पहिल्या आठवड्यात मासेमारी सुरू होते. नॉर्वेतच जायचे असेल तर मध्य किंवा दक्षिण भागातल्या नदीचा, समुद्राजवळचा खालचा टप्पा पाहा.

‘खालचा टप्पा’ हे शब्द लक्षात ठेवा. पाणी साधारण सात-आठ अंशांवर जाईपर्यंत सॅमन मोठा धबधबा चढायला धजत नाही. तो खालच्या डोहात थबकून राहतो. एजंट वरचा टप्पा स्वस्तात देतो, छायाचित्रे सुंदर असतात, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात तिथे एकही मासा पोहोचलेला नसतो. म्हणून विचारायचा पहिला प्रश्न हा : पहिला मोठा धबधबा कुठे आहे, आणि आमचा टप्पा त्याच्या खाली की वर?

नॉर्वेचे जलसंपदा व ऊर्जा संचालनालय नद्यांची पातळी आणि प्रवाह इंटरनेटवर खुला ठेवते. ठरवलेल्या नदीचे मागच्या पाच वर्षांचे त्याच आठवड्याचे आकडे काढून पाहा. पाचांपैकी तीन वर्षे त्या आठवड्यात पूर असेल, तर तो आठवडा सोडून द्या.

आणि नियम. नॉर्वेत साधारणपणे हंगाम १ जून ते ३१ ऑगस्टच्या आत बसतो, पण प्रत्येक नदीची तारीख, प्रत्येकी किती मासे, मादी सोडायची की नाही, हे वेगळे असते आणि दर वर्षी बदलते. समुद्रातून परतणारे मासे कमी झाले म्हणून २३ जून २०२४ पासून तिथल्या ३३ नद्या भर हंगामात बंद करण्यात आल्या. नॉर्वे-फिनलंडच्या सीमेवरची प्रसिद्ध ताना नदी २०२१ मध्ये सॅमनसाठी बंद झाली आणि पुढची वर्षेही बंद राहिली. जुन्या प्रवासवर्णनात वाचून ‘तानालाच जायचे’ असे कोणी ठरवले असेल, तर आधी चालू वर्षाचा नियम पाहावा.

सॅमन म्हणजे आपला रावसच ना? मग एवढ्या लांब कशाला?
– मांजलपूर, बडोदे

नाही. रावसाला बाजारात ‘इंडियन सॅमन’ म्हणतात, पण तो वेगळ्या कुळातला, आपल्या किनाऱ्यावरचा खाऱ्या-मचूळ पाण्यातला मासा आहे. गालाखाली मिशांसारखे सुटे धागे असतात ते त्याचेच. उत्तर अटलांटिकचा सॅमन ट्राउटचा भाऊबंद. पाठीवर, शेपटीच्या अलीकडे, त्याला एक छोटा मांसल पर असतो, तो रावसाला नसतो. चवीवरून नाते ठरवू नये.

एका संस्थेने सहा दिवसांचे ‘सगळे धरून’ पॅकेज दिले आहे. अर्धी रक्कम जानेवारीत मागतात. काय काय विचारून घ्यावे?
– अलकापुरी, बडोदे

‘सगळे’ या शब्दात काय बसते ते लेखी घ्या. पॅकेजमध्ये सहसा रॉडचा, म्हणजे एका गळकाठीने मासे धरण्याचा, हक्क, राहणे, जेवण आणि गाईड असतो. नॉर्वेत याशिवाय दोन परवाने लागतात. एक सरकारी सॅमन शुल्क, जे १८ वर्षांवरच्या प्रत्येकाला हंगामातून एकदा भरावे लागते. दुसरा त्या नदीचा स्थानिक परवाना. स्कॉटलंडमध्ये सरकारी परवाना नसतो, नदीच्या मालकाची परवानगी लागते, आणि रविवारी सॅमनची मासेमारी कायद्यानेच बंद असते. शनिवार ते शनिवार सात दिवसांचे पैसे दिलेत तरी हातात दिवस सहाच येतात.

गाईड किती जणांत एक? दोघांत एक हे योग्य प्रमाण आहे. चौघांत एक गाईड असेल तर नवशिक्याला तो नसल्यासारखाच. रॉड किती, हेही विचारा. आइसलँडमध्ये नदीवर एका वेळी किती रॉड चालतील यावर बंधन असते. एक रॉड दोघांत वाटून घेण्याची तिथे सर्रास पद्धत आहे. पहिल्यांदा जाणाऱ्या नवरा-बायकोला आम्ही तेच सुचवू. रॉडचा खर्च निम्मा होतो, आणि एक जण काठावर बसून दुसऱ्याच्या चुका पाहतो, त्यातून फार शिकता येते. तिथे दिवसाला बाराच तास गळ टाकता येतो, साधारण सकाळी ७ ते १ आणि दुपारी ४ ते रात्री १०. मधले तीन तास नदीलाही विश्रांती मिळते.

सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न : सरकारने नदी बंद केली तर काय? पैसे परत, पुढच्या वर्षीची तारीख, की दुसरी नदी? आणि पुरामुळे दोन दिवस वाया गेले तर? पुराचे पैसे बहुतेक कोणी परत देत नाही, ते मान्य करून चालावे. पण सरकारी बंदीचे उत्तर संदिग्ध मिळाले तर अर्धी रक्कम जानेवारीत देऊ नका. नेहमीच्या प्रवास विम्यात नदी बंद होण्याची भरपाई नसते. परदेशी पाठवलेल्या पॅकेजच्या रकमेवर बँक किंवा एजंट टीसीएस (आगाऊ गोळा केला जाणारा प्राप्तिकर) कापतो. त्याचे प्रमाणपत्र जपा, प्राप्तिकर विवरणात ती रक्कम वळती करून घेता येते.

अलास्काबद्दल दोघांनी विचारले आहे. तिथले सॅमन पॅसिफिक महासागरातले, जाती वेगळ्या, पद्धतही वेगळी. केनाई नदीतल्या किंग सॅमनची मासेमारी अलीकडे हंगामामागून हंगाम बंद ठेवावी लागली आहे. जूनमध्ये तिकडे जाणाऱ्याने सॉकआय सॅमनचा विचार करावा.

इथे बडोद्यात सराव कसा करावा? विश्वामित्रीवर चालेल का?
– कारेलीबाग, बडोदे

विश्वामित्रीवर मुळीच नाही. त्या पात्रात मगरींचा मुक्काम आहे आणि काठ निसरडा आहे. सराव गवतावर करा, पोलो ग्राउंडसारख्या मोकळ्या मैदानात, परवानगी घेऊन, सकाळी सातच्या आत. डांबर किंवा काँक्रीटवर दोर घासला की त्याचे वेष्टन आठवड्यात फाटते.

आधी साधन समजून घ्या. या पद्धतीत गळाला किडा किंवा कणकेची गोळी लावून बसायचे नसते. पिसे, केस आणि चकचकीत धागे बांधून केलेला नकली मासा म्हणजे फ्लाय, तो इतका हलका असतो की स्वतःच्या वजनाने पुढे जात नाही. वजन दोरात असते. मोठ्या नदीसाठी दोन हातांनी धरायचा १३ ते १४ फुटांचा, ८ ते १० क्रमांकाचा (हा क्रमांक रॉडला पेलणाऱ्या दोराच्या वजनाचा) रॉड वापरतात. आइसलँडच्या लहान नद्यांवर एका हाताचा ९-१० फुटी, ७-८ क्रमांकाचा पुरतो. १३ फुटी ८-९ क्रमांकाच्या रॉडला दोराचे पुढचे जड तोंड, ज्याला हेड म्हणतात, साधारण ३२ ते ३६ ग्रॅमचे लागते. रॉडवर ग्रॅमचा आकडा छापलेला असेल तर तोच प्रमाण माना. जास्त जड हेड लावले की रॉड मधूनच वाकतो आणि दोर डोक्यावर कोसळतो. नवशिक्याला वाटते आपली ताकद कमी पडली, आणि तो आणखी जोर लावतो.

नदीवरच्या फेकीत दोराचे टोक क्षणभर पाण्याला चिकटते, त्या पकडीवर रॉड वाकतो आणि दोर सुटतो. गवताला ती पकड नसते. त्यासाठी नऊ-दहा फूट जाड नायलॉन घ्या आणि दर फुटावर एक गाठ मारून गाठीची टोके अर्धा-अर्धा इंच तशीच ठेवा. ती टोके गवतात अडकतात आणि पाण्यासारखी पकड मिळते. टोकाला गळ बांधू नका, लाल लोकरीचा तुकडा बांधा. चष्मा सरावातही हवाच.

पहिले दोन आठवडे फक्त रोल कास्ट करा. रॉड सावकाश मागे न्यायचा, दोराचे पोट खांद्यामागे इंग्रजी डी अक्षरासारखे लोंबू द्यायचे, एक श्वास थांबायचे, आणि पुढे फेकायचे. नव्वद टक्के बिघाड दोनच असतात. पहिला, वरचा हात ढकलतो. वरच्या हाताने फक्त दिशा द्यायची आणि खालच्या हाताने रॉडची मूठ पोटाकडे ओढायची. दुसरा, थांबणे राहून जाते. डी तयार होण्याआधी रॉड पुढे आला की दोर वळतच नाही, ढिगासारखा पडतो. आठवड्यातून तीनदा, अर्धा-अर्धा तास, सहा आठवडे एवढे पुरे. दोन तास सलग केले तर खांदा धरतो आणि दुखऱ्या खांद्याने चुकीची सवय लागते.

तिसऱ्या आठवड्यापासून वाऱ्याचा नियम अंगी बाणवा : गळ नेहमी शरीराच्या त्या बाजूने जावा, जिथून वारा त्याला तुमच्यापासून दूर नेईल. वारा प्रवाहाच्या उलट, वरच्या अंगाला वाहत असेल तर सिंगल स्पे नावाची फेक. वारा प्रवाहाबरोबर खाली वाहत असेल तर डबल स्पे नावाची. ही शिस्त चुकली की दोन इंची गळ कानामागून येतो.

खऱ्या पाण्यावर हात बसवायचा असेल तर एप्रिल-मे महिन्यांत काश्मीरची लिद्दर किंवा हिमाचलची तीर्थन गाठा. तिथल्या मत्स्य विभागाचा परवाना घेऊन ट्राउट धरता येतो. तिथला रॉड लहान असतो, पण थंड पाण्यात गोल दगडांवर उभे राहणे आणि पाण्यातला दोर कसा चालला आहे ते ओळखणे तिथेच शिकता येते.

माझे वय ६६. गुडघ्यांची तक्रार आहे, पोहता येते. नदीत उतरावेच लागते का?
– सयाजीगंज, बडोदे

नाही. नदी तशी निवडा. नॉर्वेतल्या अल्टा नदीवर लांब, अरुंद होड्यांतून, नावाडी घेऊन मासेमारी करण्याची जुनी परंपरा आहे. तिथल्याच नाम्सेन नदीवर होडीतून दोर सोडून, होडी आडवी नेत, डोह धुंडाळतात. तुम्ही बसून राहता आणि खरे कौशल्य वल्हवणाऱ्याचे असते. गुडघे दुखत असताना असा बेत घेण्यात कसलाही कमीपणा नाही.

काठाजवळ उतरणार असाल तर हे पाळा. बडोद्यात पारा ४० च्या पुढे असताना तुम्ही निघणार आणि तिसऱ्या दिवशी सहा ते दहा अंशांच्या पाण्यात उभे राहणार. अंगाला लागून सुती बनियन घालू नका. सुती कापड घाम धरून ठेवते आणि अर्ध्या तासात गारठा पोटात शिरतो. आत मेरिनो लोकर, त्यावर फ्लीस, मग छातीपर्यंतचा वेडर, म्हणजे पाणी आत न येणारी विजार. वेडरचा पट्टा कमरेला घट्ट हवा, म्हणजे पडलात तरी पाणी भराभर आत शिरत नाही. बूट एक माप मोठे घ्या, दोन जोड मोज्यांनी पाय आवळले की रक्त फिरत नाही आणि बोटे बधिर होतात.

पाण्यात चालताना काठी वरच्या, म्हणजे प्रवाह येतो त्या बाजूला टेका. एक पाय पक्का झाल्याशिवाय दुसरा उचलू नका, आणि एका पायापुढे दुसरा आडवा टाकू नका, पाय सरकवा. वळायचे असेल तर तोंड प्रवाहाकडे करून वळा. मांडीच्या वर पाणी नको. पडलात तर उठायची धडपड करू नका. पाठीवर व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवा आणि हातांनी वल्हवत काठ धरा. फुगणारे जीवरक्षक जाकीट गाईडकडूनच घ्या. त्यातल्या गॅसच्या नळकांडीमुळे विमानात अडचण येते.

स्वतःचा रॉड आणि वेडर इथूनच न्यावा की तिकडे भाड्याने घ्यावा?
– फत्तेगंज, बडोदे

पहिल्या खेपेला भाड्याने. कारण फक्त वजनाचे नाही. जायरोडॅक्टिलस सॅलारिस नावाचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा परजीवी सॅमनच्या पिल्लांना चिकटतो आणि त्याने नॉर्वेच्या कितीतरी नद्या ओस पाडल्या आहेत. तो १९७० च्या दशकात बाहेरून आणलेल्या माशांबरोबर तिथे आला. एका नदीतून दुसऱ्या नदीत तो ओल्या जाळीतून, बुटांतून, वेडरच्या शिवणीतून जातो. म्हणून नॉर्वेत नदीवर जाण्याआधी सामान निर्जंतुक करून दाखला घ्यावा लागतो. बहुतेक नद्यांजवळ त्याचे केंद्र असते, तिथे व्हिरकॉन एस या औषधाच्या एक टक्का द्रावणात सामान सुमारे १५ मिनिटे बुडवतात. आइसलँडमध्येही परदेशात वापरलेले सामान निर्जंतुक केल्याचा पुरावा मागतात किंवा विमानतळावर ते करून घ्यावे लागते. लिद्दरवर वापरलेले बूट ओलेच पिशवीत घालून नेऊ नका. धुऊन, पूर्ण वाळवून न्या, तरीही दाखला घ्याच.

तरी रॉड न्यायचाच असेल तर १४ फुटी, चार तुकड्यांचा रॉड नळीसकट सव्वा मीटरच्या आसपास जातो आणि विमान कंपनीला आधी विचारावे लागते. सहा तुकड्यांचा पाऊण मीटरच्या जरा पुढे, तो मोठ्या बॅगेत तिरपा बसतो. गळ आणि चिमटे चेक-इन सामानात, रील (रॉडवरची दोर गुंडाळायची चकरी) आणि औषधे हातातल्या बॅगेत. सामान महाग असेल तर निघताना विमानतळावर कस्टमकडून निर्यात दाखला करून घ्या, परतताना ते नवे घेतले का, हा प्रश्न उरत नाही.

स्त्रियांना हे जमण्यासारखे आहे का? घरात सगळे म्हणतात, रॉड जड असतो.
– रावपुरा, बडोदे

ब्रिटनमधल्या रॉडवरच्या सॅमनचा विक्रम जॉर्जिना बॅलंटाइन या स्त्रीच्या नावावर आहे. ७ ऑक्टोबर १९२२, स्कॉटलंडची टे नदी, ६४ पौंड, म्हणजे २९ किलो. शंभर वर्षांत तो कोणी मोडलेला नाही. रॉडचे म्हणाल तर फेक ताकदीवर नसते, थांबण्यावर असते. जोर लावायची सवय नसलेल्या माणसाला ती लवकर येते. १२ ते १३ फुटी हलका रॉड घ्या आणि मूठ स्वतःच्या पंजात बसते का, एवढे पाहा.

सॅमन नदीत काही खात नाही म्हणतात. मग तो गळ का धरतो? आणि धरला की नेमके काय करायचे? सोडलेला मासा जगतो का?
– प्रतापनगर, बडोदे

खरे आहे. नदीत चढल्यावर तो अन्न घेत नाही, समुद्रात साठवलेल्या चरबीवर जगतो. तरी समोरून काही सरकत गेले की तो कधी चिडून, कधी जुन्या सवयीने तोंड घालतो. म्हणून त्याला भूक लागायची वाट पाहण्यात अर्थ नाही. एकाच डोहातून फ्लाय योग्य खोलीवरून, योग्य वेगाने पुन्हा पुन्हा नेणे, एवढेच आपल्या हातात असते.

डोहाच्या वरच्या तोंडापासून सुरुवात करा. समोरच्या काठाकडे खालच्या अंगाला ४५ अंशांत फेका, दोराला पोट पडले तर ते उचलून प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाका, आणि फ्लाय कमानीत फिरत आपल्या काठाला येऊ द्या. मग दोन पावले खाली, आणि पुन्हा. जूनमध्ये पाणी नऊ-दहा अंशांच्या खाली असते तेव्हा मासा वर यायला आळसतो. म्हणून बुडणारा दोर, दीड मीटरच्या आतला आखूड लीडर (दोर आणि फ्लाय यांना जोडणारा बारीक दोरा) आणि सात ते दहा सेंटिमीटरची नळीवर बांधलेली मोठी फ्लाय. पाणी तापले की तरंगता दोर, १२ ते १५ फुटांचा लीडर आणि लहान फ्लाय. लीडर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर जाडीचा ठेवा. बारीक दोऱ्यावर मासा खेळवण्यात कौशल्य नाही, त्यात मासा मरेपर्यंत दमतो. दर आठ-दहा फेकींनी लीडर बोटांतून ओढून पाहा. वाऱ्याने पडलेली एक साधी गाठ त्याची ताकद जवळजवळ निम्मी करते, आणि लीडर तुटून मासा निसटतो तो बहुतेकदा तिथेच.

आता तो क्षण. दोर कमानीत फिरता फिरता जड होतो, जसे काही ओले फडके अडकले आहे. हात आपोआप रॉड उचलतो, आणि तीच चूक आहे. उचलला की फ्लाय तोंडातून निघून येते. काही करू नका. माशाला वळू द्या, त्याच्या वळण्याने गळ जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. रील स्वतःहून दोर सोडू लागली, वजन पक्के जाणवले, मग रॉड उचला. तो उडी मारेल तेव्हा रॉडचे टोक खाली करा. पळेल तेव्हा रीलच्या मुठीपासून बोटे दूर. थांबला की रॉड आडवा धरून बाजूने ताण द्या आणि काठाकाठाने त्याच्या खालच्या अंगाला जा, म्हणजे त्याला तुमच्याशीही झुंजावे लागते आणि प्रवाहाशीही. पाच-सहा किलोचा मासा दहा-बारा मिनिटांत जाळ्यात यायला हवा.

सोडलेला मासा जगतो का, हे बहुतांशी तुमच्या पुढच्या दोन मिनिटांवर आणि पाण्याच्या तापमानावर ठरते. थंड पाण्यात नीट सोडलेले बहुतेक मासे जगतात आणि शरदात अंडी घालतात. पाणी १८ अंशांच्या पुढे गेले की धोका वाढत जातो, आणि २० ला पोहोचले की मासेमारी थांबवावी, गाईड काही म्हणो. गळाचा उलटा काटा घरूनच पक्कडीने चेपून टाका. जाळे गाठी नसलेले, रबराचे. मासा जाळ्यात, जाळे पाण्यात. हात आधी ओले करा, कोरडा हात त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर ओरबाडतो. कल्ल्यांत बोट घालू नका. फोटो हवाच असेल तर एक हात शेपटीच्या अलीकडच्या निमुळत्या भागाला, दुसरा छातीखाली, दोन-तीन सेकंद पाण्याच्या जरा वर, अंगावरून पाणी निथळते आहे तोवर पुन्हा आत. वजनकाट्याला टांगू नका, लांबी मोजा : ८० सेंटिमीटरचा साधारण ५ किलो, ९० चा ७ किलोच्या पुढे, मीटरभराचा १० किलो. मग तोंड प्रवाहाकडे करून संथ पाण्यात नुसता आधार द्या. मागे-पुढे हलवू नका, उलट्या पाण्याने कल्ल्यांना इजा होते. कधी अर्धा मिनिट लागतो, कधी पाच. मुठीतली शेपटी एकदम घट्ट होते, हाताला धक्का बसतो आणि तो निघून जातो.

त्या दोन मिनिटांत त्याच्याकडे नीट पाहा. पोट चांदीसारखे चकाकत असेल आणि गुदद्वाराजवळ लांब शेपट्यांच्या समुद्री उवा चिकटलेल्या असतील, तर तो एक-दोन दिवसांपूर्वी समुद्रात होता. गोड्या पाण्यात त्या उवांच्या शेपट्या गळून पडतात. शेपटीवर मोठे लंबगोल काळे ठिपके असतील तर तो गुलाबी सॅमन. रशियाने गेल्या शतकाच्या मध्यावर श्वेत समुद्राकडे आणून सोडलेली ती जात विषम वर्षांत उत्तर नॉर्वेत मोठ्या संख्येने चढते आणि तिला परत सोडू नये, असे तिथे सांगतात. पर झिजलेले, शेपटी बोथट असेल तर तो बहुधा पिंजऱ्यातून निसटलेला पाळीव मासा. दोन्ही वेळा गाईडला लगेच दाखवा.

डिसेंबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने अटलांटिक सॅमनला ‘धोक्याच्या उंबरठ्यावर’ या वर्गात टाकले. २००६ ते २०२० या काळात त्याची जागतिक संख्या २३ टक्क्यांनी घटली. नदीने एक मासा ठेवायची परवानगी दिली असली तरी जूनमधली मोठी मादी सोडावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. खायलाच हवा असेल तर जुलैतला लहान नर घ्या.

व्हिसा कधी? आणि घरात दोघे शाकाहारी आहेत, लॉजवर पंचाईत होईल का?
– मांजलपूर, बडोदे

नॉर्वे आणि आइसलँड दोन्ही शेंगेन व्हिसावर. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. जूनच्या बेतासाठी मार्च गाठा, एप्रिल-मेमध्ये बोटांचे ठसे द्यायची वेळच मिळत नाही. आधी ठसे दिले असतील तर ते ५९ महिने चालतात. पासपोर्ट परतीनंतर तीन महिने वैध हवा, विमा किमान ३०,००० युरोंचा. स्कॉटलंडचा व्हिसा वेगळा, शेंगेनवर तिथे जाता येत नाही.

जेवणाचे लॉजला महिनाभर आधी लेखी कळवा, आणि नुसते ‘शाकाहारी’ लिहू नका. मासे नाहीत, मांसाचा रस्सा नाही, अंडे चालते की नाही, असे एकेक लिहा. तिकडे काहीजण मासे खाणाऱ्यालाही शाकाहारी समजतात. सोबत भाकरवडी, लिलो चिवडा, मेतकूट न्या. पेढे, श्रीखंडवडी, तूप नेऊ नका. युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेण्यावर बंदी आहे आणि ते विमानतळावर काढून घेतात. आणि झोपेसाठी डोळ्यांवरची काळी पट्टी विसरू नका, अल्टाकडे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य मावळत नाही.